शॉर्ट शिफ्टर घ्यायचाय? आधी बुश तपासा, मग दुकान गाठा

राष्ट्रीय महामार्ग ३६१ चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडकडे जातो. हा रस्ता चौपदरी झाल्यापासून या पट्ट्यातल्या तरुणांच्या गप्पांत ट्रॅक्टर आणि बोलेरोच्या जोडीला पोलो, सिव्हिक, जुनी ऑक्टेव्हिया आरएस ही नावेही ऐकू येऊ लागली आहेत. पुण्याहून किंवा हैदराबादहून सेकंडहँड आणलेली अशी गाडी दारात लागते आणि महिनाभरात प्रश्न सुरू होतात. गिअर फार लांब पडतो, शॉर्ट शिफ्टर, म्हणजे कमी हालचालीत गिअर पाडणारा दांडा, टाकू का? ऑनलाइन दिसतो तो माझ्या गाडीला बसेल का? आरटीओ अडवेल का? विमा जाईल का?

वाचक हे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, आणि बहुतेक वेळा आधी काय विकत घ्यावे इथूनच सुरुवात करतात. गोंधळ तिथेच होतो. सैल, ढिला वाटणारा गिअर पुष्कळदा नवा दांडा मागत नसतो, त्याचे झिजलेले बुश, म्हणजे सांध्यातल्या रबरी किंवा प्लॅस्टिकच्या कड्या, बदलायचे असतात. ज्यांना शॉर्ट शिफ्टर खरोखरच हवा आहे, त्यांनी बाजारातला सगळ्यात आखूड न घेता आपल्या गिअरबॉक्सला झेपेल तेवढाच आखूड घ्यावा. पुढची सगळी चर्चा या दोन गोष्टींच्या आधाराने वाचा.

गाडीला हा भाग लागतो का?

स्पोर्टी दिसणारी प्रत्येक गाडी मॅन्युअल नसते. पैसे मोजण्यापूर्वी एवढे बघून घ्या:

- फोक्सवॅगन पोलो: चाकणच्या कारखान्यात तयार झालेली १.२ लिटरची पोलो जीटी टीएसआय सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिकसह येत होती. तिला शॉर्ट शिफ्टर लागू होत नाही. जीटी टीडीआय डिझेल आणि २०२० पासूनची १.० टीएसआय मॅन्युअल यांना तो लागू होतो, पण पेट्रोल आणि डिझेलचे गिअरबॉक्स वेगळे असल्याने एकाचा भाग दुसरीला बसेलच असे नाही.
- ह्युंदाई आय२० एन लाइन: २०२१ मध्ये आली तेव्हा ती आयएमटी किंवा ऑटोमॅटिकवर होती. आयएमटीत दांडा मॅन्युअलसारखा दिसतो, पण क्लचचे पेडल नसते. चालकाने दांड्याला हात घातला हे ओळखणारा सेन्सर दांड्यातच असतो. तिथे बाहेरचा भाग बसवणे म्हणजे त्या सेन्सरशी खेळणे. क्लच पेडल असलेली मॅन्युअल २०२३ पासून मिळू लागली.
- एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) गाड्या: यांत दांडा केवळ इलेक्ट्रिक स्विचचे काम करतो. तो आखूड करून गिअर लवकर पडत नाही.
- फोर्ड मस्टँग: २०१६ मध्ये भारतात आलेली व्ही८ मस्टँग फक्त ऑटोमॅटिक होती. या गाडीसाठी अमेरिकेत मिळणारे नामांकित मॅन्युअल शिफ्टर इथल्या मस्टँगला निरुपयोगी आहेत.

मराठवाड्याशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी गाडी मात्र या कामाला योग्य आहे. स्कोडाने छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा इथे जोडलेली पहिल्या पिढीची ऑक्टेव्हिया आरएस १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरच्या मॅन्युअलवर चालत होती. तिचा सांगाडा आणि गिअरबॉक्स फोक्सवॅगन गोल्फच्या चौथ्या पिढीच्या घराण्यातला असल्याने जगभर तिच्या जोगे भाग मिळतात. आता या गाड्यांनी वीस वर्षांचा उंबरठा गाठला आहे, त्यामुळे तिच्या बाबतीत दुरुस्ती आधी आणि हौस नंतर.

दुखणे नेमके कुठे आहे?

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा आणि ही तपासणी स्वतः करा. यासाठी पाना लागत नाही.

1. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर गिअर अलगद पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर दोष क्लचमध्ये किंवा त्याच्या हायड्रॉलिकमध्ये आहे. शिफ्टर बदलून फरक पडणार नाही.
2. गिअर टाकलेला असताना नॉब डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवा. दांडा बरणीतल्या चमच्यासारखा हलत असेल तर बुश, केबलचे टोक किंवा लिंकेजचा जोड झिजला आहे.
3. एकच गिअर खरखरतो, विशेषतः दुसरा, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअरचा वेग जुळवणारी कडी, झिजली असण्याची शक्यता आहे. अशा गिअरबॉक्सवर शॉर्ट शिफ्टर बसवू नका.
4. थंडीत सकाळी पहिले काही किलोमीटर गिअर जड आणि नंतर मोकळा, तर ऑइल जुने किंवा चुकीच्या ग्रेडचे आहे.
5. गिअर आपोआप बाहेर उडतो, तर गिअरबॉक्स आणि त्याचे माउंट तपासून घ्या. गाडी तशीच चालवत राहणे धोक्याचे.

ऑइलबद्दल इथे थोडे जास्त सांगायला हवे. शेतीच्या गावात ट्रॅक्टर-जीपचे ‘नव्वद नंबर’ ऑइल कुठेही मिळते आणि मिस्त्री ते सवयीने कोणत्याही गाडीत ओततो. कारच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला मात्र बहुतेक वेळा पातळ, जीएल-४ दर्जाचे ऑइल लागते. जीएल-५ ऑइल डिफरन्शियलच्या दात्यांसाठी उत्तम, पण त्यातली काही मिश्रणे पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत. गाडीच्या पुस्तिकेत जो ग्रेड लिहिला आहे तोच टाका. ऑइल आणि बुश बदलून गाडी चार दिवस चालवा. बऱ्याच वाचकांची गरज इथेच संपेल, आणि खर्चही किरकोळ होईल.

दांड्याचे तीन प्रकार

कोणता शिफ्टर घ्यायचा हे गिअरबॉक्स गाडीत कुठे बसला आहे यावर ठरते.

- थेट दांडा: जुनी महिंद्रा जीप, मारुती जिप्सी. दांडा गिअरबॉक्सच्या डोक्यातूनच वर येतो. भाग कमी, स्पर्श पक्का. इथे शॉर्ट शिफ्टर म्हणजे मूळ दांडाच बदलणे.
- रॉड लिंकेज: जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्या. दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सळया आणि सांधे असतात. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढील जमत जाते.
- केबल: आजच्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या, म्हणजे स्विफ्ट, पोलो, ऑक्टेव्हिया. एक केबल पुढे-मागेची हालचाल नेते, दुसरी डावी-उजवीकडची.

केबलचा फायदा असा की गिअरबॉक्स कुठेही असला तरी दांडा चालकाजवळ आणता येतो. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने काढलेली डीसी अवंती याचे टोकाचे उदाहरण. २.० लिटरचे रेनॉचे टर्बो इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि दांडा मात्र नेहमीच्या जागी, त्यामुळे सहा गिअरच्या या मॅन्युअलचा निरोप मागे पोहोचवावा लागतो. हे अंतर जितके मोठे, तितका केबलचा दर्जा महत्त्वाचा. दांड्यावर खर्च करून केबल जुनीच ठेवली तर हाताला फरक जाणवत नाही.

आखूड म्हणजे किती आखूड?

हिशेब साधा आहे आणि तो समजला की जाहिरातीतले आकडे फसवत नाहीत. दांडा एका बिंदूवर झुलतो. बिंदूपासून नॉबपर्यंतची लांबी वरची, बिंदूपासून केबलच्या जोडापर्यंतची लांबी खालची. वरच्या लांबीला खालच्या लांबीने भागले की गुणोत्तर मिळते.

समजा वर २०० मिमी आणि खाली ५० मिमी आहेत. गुणोत्तर चार. केबल १५ मिमी सरकवायची तर नॉब ६० मिमी न्यावा लागतो. आता खालची बाजू ६५ मिमी केली तर गुणोत्तर साधारण ३.०८ होते आणि नॉबचा प्रवास ४६ मिमीवर येतो. म्हणजे प्रवास २३ टक्के घटला. पण हाताला लागणारा जोर ३० टक्के वाढला. याच्या जोडीला वरचा दांडा २० मिमीने कापला, तर प्रवास एकूण ३१ टक्के घटतो आणि जोर ४४ टक्के वाढतो.

शॉर्ट शिफ्टर जोर वाचवत नाही, प्रवासाची किंमत जोरात वसूल करतो. आणि हा वाढीव जोर शेवटी सिंक्रो रिंगवर पडतो. पुढच्या गिअरचा वेग जुळवायला या रिंगला क्षणभर वेळ लागतो. आखूड दांड्याने घाई केली की ती वेळ मिळत नाही, गिअर खरखरतो आणि रिंग लवकर झिजते. म्हणून गावात, बाजारात आणि महामार्गावर रोज चालणाऱ्या गाडीला २० ते ३० टक्के घट पुरेशी आहे. ४० टक्क्यांच्या पुढचे दावे ट्रॅकवर चालणाऱ्या गाड्यांसाठी सोडून द्या.

स्वतःच्या गाडीचा मूळ प्रवास मोजून ठेवा. नॉबच्या मधोमध पट्टीचा तुकडा चिकटवा, कन्सोलवर मोजपट्टी धरा, इंजिन बंद आणि क्लच दाबून तिसऱ्यातून चौथ्यात जा. दोन्ही टोकांमधले अंतर लिहून ठेवा. विक्रेता ‘तीस टक्के शॉर्ट’ म्हणतो तेव्हा त्याला विचारा, किती मिमीवरून किती मिमीवर? उत्तर न आल्यास पुढे जाऊ नका.

पर्याय, स्वस्तापासून महागापर्यंत

१. बुश आणि केबलची टोके. मूळ रबरी किंवा प्लॅस्टिक बुशच्या जागी नवे कंपनीचे किंवा पॉलियुरेथेनचे बुश. प्रवास तेवढाच राहतो, ढील जाते. पॉलियुरेथेन रबरापेक्षा कडक असल्याने केबिनमध्ये थोडी थरथर वाढू शकते.

२. वजनदार नॉब. पितळी किंवा स्टीलचा जड नॉब हाताच्या हालचालीला वेग देतो, त्यामुळे गिअर सहज ‘पडतो’ असे वाटते. पण इथल्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या गाडीतला धातूचा नॉब हाताला चटका देतो. डेलरिनसारख्या कडक प्लॅस्टिकचा किंवा चामडी आवरणाचा जड नॉब इथे जास्त सोयीचा. आटे तपासा: होंडात बहुधा १० मिमी आणि १.५ पिच, टोयोटात १२ आणि १.२५, निसान-माझदात १० आणि १.२५ चालतात. अलीकडच्या फोक्सवॅगन-स्कोडात आटे नसतात, नॉब आणि गेटर एकत्र क्लिपने बसतो.

३. आखूड दांडा. फक्त वरचा दांडा लहान करणे. सगळ्यात सोपा उपाय, पण नॉब खाली गेल्याने बसण्याची ठेवण बदलते. काही जण लेथवर मूळ दांडा कापून नवे आटे पाडून घेतात. लेथवाला जाणता असेल तर हे काम नीट होते. मात्र कापून पुन्हा वेल्डिंग करू नका. वेल्डिंगच्या कडेला धातू ठिसूळ होऊन तडा जाऊ शकतो, आणि दांडा चालत्या गाडीत हातात आला तर काय होईल ते सांगायला नको.

४. गुणोत्तर बदलणारे कीट. यात झुलण्याचा बिंदू किंवा केबलचा जोड बदलतो. केबलच्या गाडीत हे काम केबिनमध्येही होते आणि बॉनेटखाली गिअरबॉक्सवरच्या आर्मलाही होते. एक खोच लक्षात ठेवा: काही कीट फक्त पुढे-मागेचा प्रवास कमी करतात आणि डावी-उजवीकडचा तसाच ठेवतात. अशा गाडीत तिसऱ्यातून चौथा झटपट पडतो, पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हात चाचपडतो.

५. पूर्ण असेंब्ली. दांडा, बेस, स्प्रिंगा, बेअरिंग सगळे नवे. अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांच्या कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून असे शिफ्टर लोकप्रिय केले, आणि १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओमध्ये हर्स्टचा शिफ्टर कारखान्यातूनच येत असे. त्यांच्या शिफ्टरमध्ये दांड्याला ठरावीक जागी थांबवणारे स्टॉप बोल्ट असत. चालकाने कितीही जोर लावला तरी तो आतल्या फोर्कवर जाऊ नये, म्हणून. आज महागडी असेंब्ली घेत असाल तर अशी थांबण्याची सोय तिच्यात आहे का, हे अवश्य पाहा.

ऑर्डर देण्यापूर्वी

- गिअरबॉक्सचा कोड जुळवा. मॉडेल आणि वर्ष एवढ्यावर विसंबू नका. फोक्सवॅगन-स्कोडात इंजिन आणि गिअरबॉक्सचे कोड सर्व्हिस बुकमधल्या किंवा डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातल्या स्टिकरवर असतात. त्याचा फोटो विक्रेत्याला पाठवा आणि ‘बसेल’ हे लेखी घ्या.
- उजव्या स्टिअरिंगसाठी आहे का? परदेशी असेंब्लीतला दांडा काही वेळा चालकाच्या बाजूला झुकवलेला असतो. डाव्या स्टिअरिंगसाठी बनवलेला दांडा आपल्याकडे शेजारच्या सीटकडे झुकतो आणि हात लांबवावा लागतो.
- रिव्हर्सचे कुलूप शाबूत राहते का? कुठे रिंग उचलावी लागते, कुठे दांडा खाली दाबावा लागतो. फोक्सवॅगन-स्कोडात दाबूनच रिव्हर्स पडतो. नव्या दांड्यात ही सोय नसेल तर तो घेऊ नका.
- दांडा ज्यांत पडतो त्या गिअरच्या गाळ्यांमध्ये अंतर उरते का? गाळे फार जवळ आले तर घाईत चौथ्याऐवजी दुसरा पडतो आणि इंजिन क्षणात लाल रेषेच्या वर जाते. याने इंजिन बाद होऊ शकते.
- खालचा रबरी बूट कीटमध्ये आहे का? काळ्या मातीची बारीक धूळ ऊसतोडणीच्या हंगामात गाडीच्या प्रत्येक फटीत शिरते. बूट नीट बसला नाही तर ती थेट बेअरिंगमध्ये जाते, आणि सायलेन्सरची उष्णता व धूर केबिनमध्ये येतो.
- धातू कोणता? बेस ॲल्युमिनिअमचा आणि पिन स्टीलची, हे चांगले लक्षण. ओतीव कच्च्या धातूचा, कडा खडबडीत राहिलेला, आट्यांवर रंग चढलेला माल नाकारा.
- एकूण किंमत किती पडेल? परदेशातून मागवताना सीमाशुल्क, आयजीएसटी, कुरिअरचे हाताळणी शुल्क धरूनच तुलना करा. देशात २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. जुना २८ टक्क्यांचा दर लावलेले बिल दिसले तर विचारा.

रॅली किंवा ऑटोक्रॉसमध्ये उतरायचा विचार असेल तर खरेदीआधी आपल्या गटाचे नियम वाचा. भारतात या स्पर्धांचे नियमन एफएमएससीआय ही संघटना करते, आणि मूळ अवस्थेतल्या गाड्यांच्या गटात काय बदललेले चालते हे नियमावलीत दिलेले असते.

बसवताना होणाऱ्या चुका

अहमदपूर, लातूर, नांदेडमध्ये हात चांगला असलेले मिस्त्री पुष्कळ आहेत. पण ट्रकचा गिअरबॉक्स उतरवणारा हात आणि कन्सोलच्या प्लॅस्टिक क्लिपा न मोडता काढणारा हात वेगवेगळे असू शकतात. त्या मॉडेलवर काम केलेला माणूस निवडा आणि जमल्यास शेजारी उभे राहा.

1. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा आणि काही मिनिटे थांबा. अनेक गाड्यांत एअरबॅगचे कंट्रोल युनिट दांड्याच्या आसपास, मधल्या बोगद्यावर असते. तिथे हातोडी मारू देऊ नका.
2. सायलेन्सर थंड होऊ द्या. बऱ्याच गाड्यांत असेंब्ली खालून, उष्णतारोधक पत्रा काढून सोडवावी लागते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा.
3. केबल जुळवणी चुकवू नका. पोलो-ऑक्टेव्हियाच्या घराण्यात गिअरबॉक्सवरचा सिलेक्टर न्यूट्रलला धरून कुलूपबंद करतात, केबिनमध्ये दांडा पिन घालून स्थिर करतात आणि मगच केबलचे लॉक बसवतात. ही पायरी अंदाजाने उरकली की एक गिअर घट्ट आणि दुसरा अर्धवट पडतो.
4. सर्कलिप आणि लॉक वॉशर नवे वापरा. जुन्या सर्कलिपचा ताण गेलेला असतो.
5. ग्रीस योग्य जागी. प्लॅस्टिक आणि रबराला मानवेल असेच ग्रीस लावा. कपभर ग्रीस भरले की धूळ चिकटून त्याची लापशी होते.
6. कन्सोल बसवण्यापूर्वी सगळे गिअर तपासा, बसवल्यावर पुन्हा तपासा. दांडा पाचव्यात जाताना कन्सोलच्या कडेला अडला तर गिअर आत पूर्ण बसत नाही, पुढे उडू लागतो आणि दाते घासतात.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर सगळे नटबोल्ट पुन्हा तपासून घ्या. गाडी चालवताना हात दांड्यावर ठेवून बसायची सवय असेल तर ती मोडा. तेवढ्या वजनानेही आतला सिलेक्टर फोर्क सतत दाबला जातो.

आरटीओचे काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

नोंदणी प्रमाणपत्रात इंजिन, चेसिस, इंधन, आसने, रंग अशा बाबी असतात. गिअरच्या दांड्याची लांबी त्यात नसते. त्यामुळे नॉब, बुश किंवा केबिनमधला आखूड दांडा आणि सीएनजी कीट किंवा बदललेले इंजिन यांना एका मापाने मोजले जात नाही. तरीही गाडीच्या सुरक्षित नियंत्रणाबद्दल शंका आली तर निरीक्षक प्रश्न विचारू शकतो. म्हणून दोन पथ्ये पाळा. बदल असा निवडा की तो पूर्ण उलटवता येईल, म्हणजे बॉडी कापणे-छिद्र पाडणे नको. आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवा.

हे दुसरे पथ्य जुन्या गाडीवाल्यांसाठी तर अटळ आहे. खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना गाडी प्रत्यक्ष तपासली जाते. ऑक्टेव्हिया आरएसचे मालक त्या दिवशी मूळ दांड्यासह गेले तर वादाला जागाच उरत नाही.

विमा आणि वॉरंटी

- बदल विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीत त्याची नोंद करून घ्या. एजंटला फोनवर सांगितले, हा पुरावा नव्हे.
- दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यांचे एक कार्यालय पुण्यात आहे, आणि तक्रारीला शुल्क नाही.
- गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी पुस्तिकेतला बाहेरच्या भागांबद्दलचा मजकूर आधी वाचा. गिअरबॉक्सचा दावा फेटाळायला शिफ्टर हे कंपनीला सोपे कारण मिळते. वॉरंटी संपेपर्यंत नॉब आणि बुश यांवर थांबणे हिताचे.

माल खोटा निघाला तर

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य बिलावर छापून दुकानदार मोकळा होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा.

ऑनलाइन खरेदीत विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि आयात मालाचा मूळ देश दाखवणे बंधनकारक आहे. तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच देऊन महिनाभरात निवारण करायचे असते. तेवढ्यावर भागले नाही तर पुढचा मार्ग असा:

1. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि क्रमांक जपा.
2. विक्रेत्याला लेखी नोटीस पाठवा. सोबत बिल, फोटो, मेसेज जोडा.
3. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे अहमदपूरकरांना लातूरला, तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

कोणी काय घ्यावे?

- रोज लातूर-नांदेड ये-जा, गाडी जुनी: ऑइल, बुश, गरज असल्यास केबल. त्यानंतर हवा तर जड नॉब.
- पोलो किंवा स्विफ्ट, गिअरबॉक्स ठणठणीत, हौस मध्यम: २० ते २५ टक्के घट देणारे, दोन्ही दिशांचा प्रवास सुधारणारे कीट.
- ऑक्टेव्हिया आरएस, सिव्हिकसारखी जपून ठेवलेली गाडी: नामांकित कंपनीचे, मूळ जागीच बसणारे, उलटवता येणारे कीट. मूळ भाग डब्यात, तारखेसह.
- जीप, जिप्सी: दांड्याचे बूड, कप आणि बुश नवे करा. शेतातल्या, चिखलातल्या कामाला लांब दांड्याचा कमी जोरच सोयीचा, त्यामुळे आखूड करण्याचा मोह टाळा.
- घरात एकापेक्षा जास्त जण गाडी चालवतात: सगळ्यांनी आधी शॉर्ट शिफ्टर बसवलेली एखादी गाडी चालवून पाहावी. ३० टक्के जादा जोर वडिलांच्या दुखऱ्या खांद्याला किंवा नवशिक्या मुलीला जड जाऊ शकतो.

दुकानात जाताना सोबत ठेवा

- नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि गिअरबॉक्स कोडचा फोटो
- मूळ दांड्याचा प्रवास, मिमीमध्ये लिहिलेला
- नॉबच्या आट्यांचे माप
- वॉरंटीची आणि विम्याची अखेरची तारीख
- बिलावर लिहून घ्यायच्या चार गोष्टी: भागाचा क्रमांक, कोणत्या गाडीसाठी, परत घेण्याची मुदत आणि बसवणाऱ्याची मजुरी वेगळी